आधी जेवा, मग वाचते

कानडी मुलखातल्या शहरात, राजाजीनगरच्या त्या कारखान्याच्या चाळीत कुणाचंही पत्र आलं तरी पोस्टमन ते थेट कल्लाप्पाच्या दारात आणून टाकायचा. पत्ता कुणाचा का असेना. बावीस बिऱ्हाडं, निपाणी, चिकोडी, खानापूर या बाजूची. घरात मराठी बोलायची, नळावर कानडीत भांडायची, आणि सही म्हटली की जवळजवळ सगळीच अंगठाबहाद्दर. या सगळ्यांची पत्रं वाचायची कल्लाप्पाची थोरली पोरगी पद्मावती. वय वर्षं आठ. शाळेचं तोंड तिनं बघितलं नव्हतं.

तिला वाचायला शिकवलं ते शेजारच्या विठोजीअण्णांनी. अण्णा पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले आणि चाळीची पत्रं पहिल्यापासून त्यांच्याकडेच. डोळ्यात मोतीबिंदू वाढायला लागला तसं त्यांनी पाच वर्षांच्या पद्मीला मांडीवर घेतलं आणि एकेक अक्षर ओळखायला लावलं. वर्षभरात ती धडाधड वाचायला लागली. मग पत्र संपलं तर वर्तमानपत्र, वर्तमानपत्र संपलं तर अण्णांच्या ट्रंकेतल्या जाडजूड पोथ्या, तेही संपलं तर वाण्याकडून आलेली पुडी. गंगव्वाला, म्हणजे पद्मीच्या आईला, या प्रकाराचा आधी रागच यायचा. पुडीतली साखर डब्यात ओतायच्या आधी पोरगी पुडीचा कागद वाचत बसायची आणि मुंग्यांची चंगळ व्हायची.

पण अण्णांनी तिला नुसतं वाचायला शिकवलं नाही, वाचून दाखवायला शिकवलं, आणि ते वेगळंच काम आहे. पत्र आधी मनात वाचायचं. मग समोरच्या माणसाकडे बघायचं. मजकूर बरा असेल तर लगेच मोठ्यानं. वाईट असेल, कुणी गेल्याचा असेल, तर आधी विचारायचं, जेवण झालंय का. झालं नसेल तर 'इकडील सर्व खुशाल' एवढं म्हणून पत्र घडी घालायचं आणि त्या माणसाला जेवू घालायचं. खरं ते मग सांगायचं. कारण एकदा सांगितलं की चूल पेटत नाही, दोन-दोन दिवस माणूस उपाशी राहतो. गावाकडे हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. अण्णांनी त्याचा नियम करून टाकला होता, एवढंच.

हा नियम पद्मी एकदा विसरली. तेव्हा ती सहा वर्षांची होती. सकाळी नळावर चाळीतल्या अंबुबाईच्या हातात पत्र पडलं आणि तिनं तिथंच पद्मीला हाक मारली. अंबुबाईला सहावा महिना. पद्मीनं पत्र उघडलं आणि जसं होतं तसं खणखणीत आवाजात वाचलं, की तुझे वडील परवा वारले. अंबुबाई घागरीसकट आडवी झाली. पुढं काही वाईट झालं नाही, पोर सुखरूप जन्मलं, पण त्या सकाळी सगळ्या चाळीचा जीव टांगणीला लागला होता. गंगव्वानं भरल्या नळावर सगळ्यांच्या देखत पद्मीच्या थोबाडीत दिली. आयुष्यात एकदाच दिली, पण अशी की पोरीच्या गालावर बोटं उठली.

"पोटुशी बाई हाय, उपाशी हाय, दिसत न्हाई तुला? तोंड बघून वाचावं की!"

पद्मी रडली नाही. त्यानंतर ती कधी चुकलीही नाही. पुढं अण्णा गेले, तेव्हा ते गेल्याचं पत्र त्यांच्या मुलाला लिहिलं पद्मीनंच, आणि त्यात वर लिहिलं, 'जेवून झाल्यावर वाचावे.'

आता कल्लाप्पाची थोरली बहीण ठकुबाई निपाणीला असायची. आईबाप लवकर गेल्यावर तिनंच कल्लाप्पाला वाढवलं होतं, स्वतः तंबाखूच्या वखारीत राबून. त्यामुळे ठकुअक्काचा शब्द कल्लाप्पाला देवाच्या जागी. त्या वर्षी होळीला तिचा निरोप आला, की पद्मीला माझ्याकडे पाठव. सून वखारीत जाते, तीन लहान पोरं आहेत, सांभाळायला हात हवा. पोरगी इथं तरी काय करतेय?

गंगव्वा चार दिवस नवऱ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली ती एकच गोष्ट: मल्लेश्वरमला मराठी शाळा निघालीय, पोरीला तिथं घाला.

कल्लाप्पा वाईट माणूस नव्हता. त्यानं दोन दिवस विचार केला आणि सांगितलं, "अक्काला न्हाई म्हणायचं तर तोंड पायजे मला. पोरीला पयलीत न्हाईतर दुसरीत बसवली तर अक्का म्हणंल, समद्यांच्याच पोरी बसत्यात. पर एकदम चौथीत घेतली तर गोष्ट निराळी. मग मी तिला तोंडावर सांगीन, माझी पोर लई हुशार हाय, धाडत न्हाई. चौथी, न्हाईतर निपाणी."

गंगव्वाला वाटलं, मग काय, जिंकलीच. चौथी म्हणजे काय मोठं! जी पोरगी अण्णांच्या पोथ्या फडशा पाडल्यासारखी वाचते, तिला चौथीचं पुस्तक म्हणजे खाऊच. तिनं त्याच दिवशी पद्मीचं परकर-पोलकं धुवून, घडी करून उशाखाली ठेवलं.

शाळा म्हणजे पुण्या-मुंबईकडच्या इंजिनियर लोकांनी आपल्या पोरांसाठी भाड्याच्या घरात चालवलेले चार वर्ग. मे महिन्यातल्या एका गुरुवारी गंगव्वा धाकट्या दोघांना अंबुबाईकडे टाकून पद्मीला घेऊन चालत मल्लेश्वरमला गेली. ऊन मी म्हणत होतं. शाळेत पोचल्यावर कळलं, अकराला बोलावलंय म्हणजे अकरालाच. व्हरांड्यात बाक होता, पण बसावं की नाही ते न कळून ती उभीच राहिली.

परीक्षा घेणाऱ्या सुलभाबाई बाहेर आल्या आणि गंगव्वाची नजर आधी त्यांच्या पोटावर गेली. बाईंना सातवा तरी महिना असावा. चेहरा दमलेला, पण हसरा.

"या, या. ही का पद्मावती? तुम्ही दाराशी बसलात तरी चालेल. फक्त मध्ये बोलायचं नाही हं, मुलं मग तुमच्याकडे बघत बसतात."

"सरी, बाई," गंगव्वानं कानडीत होकार दिला, आणि ती उंबऱ्याबाहेर टेकली.

बाईंची पद्धत सरळ होती. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले उतारे, एकेका इयत्तेचा एकेक. दुसरीचा निळ्या कडेचा, तिसरीचा हिरव्या, चौथीचा तांबड्या. मूल वाचणार, बाई समोरच्या कागदावर चुकलेल्या शब्दांच्या खुणा करणार. दहाच्या वर चुका झाल्या की ती इयत्ता गेली, त्याच्या खालची खरी. शाळेचा तसा ठरावच होता, म्हणजे कुणाच्या ओळखीपाळखीचा प्रश्न नको.

निळा पुठ्ठा पद्मीनं एका दमात वाचला. हिरवा त्याहून लवकर. कागदावर एकही खूण पडली नाही. बाईंनी मान वर करून तिच्याकडे नीट बघितलं.

"शाळेत कधीच गेली नाहीस? मग शिकवलं कुणी?"

"अण्णांनी."

"छान शिकवलंय." बाईंनी तांबडा पुठ्ठा पुढं केला. गंगव्वानं पदराच्या आत हात जोडले. मनातल्या मनात तिनं ठकुबाईला जाब देऊनसुद्धा टाकला.

पद्मीनं पुठ्ठा हातात घेतला. लगेच वाचायला सुरुवात केली नाही. तिचे डोळे ओळींवरून झरझर खाली गेले. ती मनात वाचत होती. मग तिनं मान वर केली आणि बाईंकडे बघितलं. आधी चेहऱ्याकडे, मग पोटाकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. उंबऱ्याबाहेर बसलेल्या गंगव्वानं जोडलेले हात सोडले. ती नजर चाळीतल्या बावीस घरांत तिनं शंभरदा बघितली होती.

"बाई," पद्मी म्हणाली, "तुम्ही जेवलाय काय?"

सुलभाबाईंना हसू आलं. "नाही गं. तुझं झालं की जेवणार. का, तुला भूक लागली?"

"न्हाई," पद्मी म्हणाली, आणि वाचू लागली.

उतारा होता नदीकाठच्या एका नावाड्याचा. पहिल्या सहा ओळी तिनं अक्षर न् अक्षर बरोबर वाचल्या. नदीला पूर आला, पाणी झोपडीत शिरलं, नावाड्याची बायको मदतीसाठी धावली. पुढं उताऱ्यात पाळणा पुरात वाहून जात होता आणि आईच्या हाती नुसती दुपटी लागत होती. पद्मीनं वाचलं, "तो पाळणा एका वृक्षाच्या फांदीस अडकून राहिला होता. बाळ त्यात सुखरूप निद्रिस्त होते. ते पाहून त्या मातेच्या नेत्रांतून आनंदाश्रू वाहू लागले." आवाज कुठं अडखळला नाही की चढला नाही. चांगल्या आठ ओळी तिनं तशा वाचल्या आणि पुठ्ठा खाली ठेवला.

आता काय सांगावं! डोळ्यांनी दुःखाचा मजकूर वाचायचा आणि त्याच क्षणी तोंडानं तितक्याच तोलाच्या छापील मराठीत सुखाचा रचून म्हणायचा, तोही न थांबता, हे सातवीच्या पोराला जमलं नसतं. कदाचित खुद्द बाईंनाही नसतं. पण बाईंच्या कागदावर चुकलेल्या शब्दांचा एकच रकाना होता. त्यांनी खुणा करायला घेतल्या, दहा झाल्या, वीस झाल्या, मग त्यांनी पेन्सिल ठेवून दिली.

"पद्मावती, हे यात लिहिलेलं नाही बाळ. तू मनचं म्हणतेयस. सुरुवात वाचता आली, पुढचं जड गेलं, म्हणून अंदाजानं सांगितलंस. होय ना? पुन्हा एकदा वाच. जसं लिहिलंय तसं."

पद्मीनं दाराकडे बघितलं. मध्ये बोलायचं नाही असं बजावलं होतं, म्हणून गंगव्वानं नुसती मान हलवली. वाच, पोरी. जसं असेल तसं वाच. पण पद्मी आईच्या मानेकडे बघतच नव्हती. ती बघत होती आईच्या उजव्या हाताकडे. गंगव्वानं तो हात पदराखाली घेतला. पण ज्या गालावर तो पडला होता, तो गाल समोरच होता.

"बाई, तुम्ही आधी जेवा," पद्मी हळूच म्हणाली. "मग वाचते."

बाईंनी सुस्कारा टाकला. दमलेल्या बाईला याहून जास्त धीर धरता येत नाही, त्यात त्यांचा दोष नाही. त्यांनी तांबडा पुठ्ठा उचलून खणात ठेवला आणि गंगव्वाला आत बोलावलं.

"मुलगी हुशार आहे तुमची. तिसरीपर्यंत अगदी स्वच्छ वाचते. आठव्या वर्षाला तिसरी म्हणजे उत्तमच."

"बाई, चौथीत पायजे हो," गंगव्वा म्हणाली. "तिला येतंय वाचाय. समदं येतंय."

"मग वाचलं का नाही?"

"मुद्दाम न्हाई वाचलं तिनं."

"मुद्दाम? कशासाठी?"

गंगव्वानं तोंड उघडलं. एका वाक्याचं काम होतं. त्या कागदात तान्हं पोर दगावलंय बाई, आणि तुम्ही पोटुश्या आहात, उपाशी आहात, म्हणून माझ्या पोरीनं ते तुमच्या कानावर घातलं नाही. एवढं म्हटलं असतं तर कदाचित बाईंनी पुठ्ठा परत काढला असता. पण हे म्हणायचं कसं? भरल्या सातव्या महिन्याच्या बाईसमोर उभं राहून, तिच्या पोटाकडे बघत, तोंडातून 'पोर दगावलं' काढायचं कसं? ज्यासाठी पोरीला मारलं, तेच आपण करायचं? पद्मी खालून तिच्याकडे टक लावून बघत होती. आई आता काय सांगते ते तिला बघायचं होतं.

"अशीच हाय जरा," गंगव्वा म्हणाली. "लाजती."

"होतं असं," सुलभाबाई समजूत घालत म्हणाल्या. "घाई कसली आहे? कमिटीला विचारून कार्ड टाकते तुम्हाला."

परतीच्या वाटेवर गंगव्वा झपाझप चालत होती आणि स्वतःला शिव्या घालत होती. मनातल्या मनात तिनं ते वाक्य दहादा म्हटलं, आणि दर वेळी ते सहज जमलं. रेल्वेचे रूळ ओलांडल्यावर पद्मीनं विचारलं, "अव्वा, माझं चुकलं काय?"

"न्हाई."

"त्यात पोर बुडून मेलं हुतं. मी वाचलं नीट."

"मला ठावं हाय."

"मग तू बाईंना का न्हाई सांगितलंस?"

गंगव्वानं पोरीचा हात धरला आणि म्हणाली, "स्वल्प भराभर चाल, ऊन लागंल."

कार्ड आलं नवव्या दिवशी, दुपारी एकच्या सुमाराला. कल्लाप्पा कारखान्यात होता. गंगव्वानं पोरांना जेवू घालून निजवलं होतं आणि स्वतःचं ताट वाढून घ्यायला बसली होती. पोस्टमननं कार्ड पद्मीच्या हातात दिलं. पद्मी दारातच थांबली. तिचे डोळे ओळींवरून खाली गेले. मग तिनं मान वर केली.

गंगव्वानं आपलं तोंड नीट केलं. कपाळावरची आठी पुसली, ओठ घट्ट मिटले. या तोंडाकडे बघून पोरगी काही लपवणार नाही असं तोंड करायचा तिनं जिवापाड प्रयत्न केला.

"अव्वा," पद्मी म्हणाली, "तू जेवलीस काय?"

आणि गंगव्वाला सगळं कळलं. आणखी काय कळायचं राहिलं होतं? तरी ती म्हणाली, "व्हय, जेवले. वाच तू."

पद्मीनं चुलीकडे बघितलं. टोपलीत दोन भाकरी तशाच होत्या, आमटीवरचं झाकण हललेलं नव्हतं. तिनं कार्ड पोलक्यात खोचलं, थाळी घेतली, दोन्ही भाकरी वाढल्या, आमटी ओतली, कांदा फोडून ठेवला आणि थाळी आईसमोर सरकवली.

"आधी जेव."

गंगव्वा जेवली. एकेक घास आमटीत बुडवून सावकाश जेवली. पद्मी समोर मांडी घालून बसली होती. एकदा तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. एकदा म्हणाली, "अजून घे आमटी." पहिली भाकरी संपली. गंगव्वाला वाटलं, दुसरी कधी संपूच नये. तीही संपली.

मग पद्मीनं कार्ड काढलं आणि खणखणीत आवाजात वाचलं. जसं होतं तसं. "कळविण्यास आनंद होतो की, आपली कन्या चि. पद्मावती हिची वाचनाची तयारी तिच्या वयाच्या मानाने चांगली असून तिला इयत्ता तिसरीत प्रवेश देण्याचे ठरले आहे. चौथीचे वाचन तिला तूर्त झेपणारे नाही. तरी आपण निराश होऊ नये." 'झेपणारे'ला नाही, 'तूर्त'ला नाही, कुठंच ती अडखळली नाही.

गंगव्वा उष्ट्या हातानं तशीच बसून राहिली. संध्याकाळी कल्लाप्पा येणार, पोरगी त्यालाही आधी जेवू घालणार, मग वाचून दाखवणार. आणि तो मान खाली घालून म्हणणार, चौथी, न्हाईतर निपाणी, ठरलंच हुतं. त्याला दुसरं काही म्हणताच येणार नव्हतं. म्हणायचं होतं ते तिला, आणि ते तिनं मल्लेश्वरमलाच गिळलं होतं.

"अव्वा, ठकुअत्याकडं पत्रं कोण वाचतंय?" पद्मीनं विचारलं.

"कोण न्हाई. मास्तराच्या घरी जात्यात घेऊन."

"मग मी वाचीन. तिथलीबी वाचीन. तुला पण लिहीन. दर आठवड्याला."

"आणि लिवलेलं हितं कोण वाचणार गं?" गंगव्वाचा आवाज फुटला. "तू तिथं गेल्यावर हितं कोण हाय वाचायला?"

हे पद्मीच्या ध्यानात आलं नव्हतं. तिनं कार्डाकडे बघितलं, दाराबाहेरच्या बावीस घरांच्या ओळीकडे बघितलं. मग ती उठली, आईची थाळी उचलली आणि मोरीकडे जाता जाता म्हणाली,

"मी समदं खुशालच लिहीन, अव्वा. कुणी न्हाई वाचलं तरी चालंल. फकस्त कार्ड आलं की आधी जेवून घे."